हॅनलींची पाटी

किलब्रेडा, काउंटी मेयो, आयर्लंड
१४ जून २०२०

वृंदा,

तू अजून चितारआळीतल्याच घरी राहतेस असं मामाच्या बाळूने सांगितलं, म्हणून याच पत्त्यावर लिहिते आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, त्यामुळे हाच रस्ता उरला. पोस्टातली मुलगी म्हणाली की विमानं कमी आहेत, सावंतवाडीला पत्र कधी पोचेल सांगता येत नाही. म्हटलं, लागू दे वेळ. तशीही आपल्या दोघींना घाई नाहीये.

आम्ही बरे आहोत. श्रीरामची कंपनी हॉस्पिटलांसाठी नळ्या आणि सुटे भाग बनवते, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही ती चालूच होती. तो रोज कासलबारला जाऊन येतो. ईशा ॲथलोनला कॉलेजच्या खोलीत अडकली होती, ती आता घरी आली आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, घर चालतं.

माझं दुकान सोमवारी उघडलं. मी दुकान घातलं हे तुला माहीत नसेल. पडदे आखूड करायचे, झिपा बदलायच्या, शाळेच्या स्कर्टांची टीप उसवून लांबी वाढवायची, असली कामं. सध्या मास्कच शिवते. दुकान भर मेन स्ट्रीटवर आहे, पण वर नाव माझं नाही. लांबलचक काळी पाटी आहे आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'हॅनली, ड्रेपर्स', म्हणजे कापडवाले. शंभर वर्षांपूर्वीची. गावच जुनं आहे. एका टोकाला मोडका मठ, मध्ये तटबंदीचा तुकडा, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना या हाताने रंगवलेल्या पाट्या. एरवी उन्हाळ्यात बसने लोक येतात ते पाट्यांचे फोटो काढायला. दुकान भाड्याने घेतलं त्याच आठवड्यात हेरिटेज कमिटीचा डेक्लन येऊन सांगून गेला, "आत काय हवं ते करा, पाटीला हात लावू नका." नाक्यावरचं औषधांचं दुकान त्याचं. मी म्हटलं, हात कसला लावते, रोज पुसेन. आणि पुसते.

फोटो सोबत पाठवते. बघ, माणसं कशी जपतात. मी काही सुचवत नाहीये. पण बाबांच्या दुकानावरची पाटी कुठे ठेवलीस तेवढं तरी कळव.

ताई


३० ऑगस्ट २०२०

वृंदा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी धरून चालते.

या खेपेला मालकीणबाईंबद्दल लिहिते. नूला हॅनली. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलं नाही, दुकानाच्या वरच एकट्या राहतात. पाटीवरचे हॅनली म्हणजे त्यांचे आजोबा. सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नका असं सरकारने सांगितलं, तेव्हापासून त्यांचं दूध-ब्रेड मी आणते आणि जिन्यावर ठेवते. त्या वरच्या पायरीवर बसतात, मी खालच्या. मध्ये बारा-पंधरा पायऱ्यांचं अंतर ठेवून आम्ही चहा पितो. चहा माझा, आलं घातलेला. आधी त्यांनी तोंड वाकडं केलं होतं, आता मागून घेतात.

परवा मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. पांगाऱ्याच्या लाकडाची रंगवलेली फळं, केळ्याच्या फण्या, आंबे, सीताफळाचा एकेक डोळा रंगवायला लागणारा वेळ. त्यांनी नीट ऐकलं. मग मी तुझ्यावर आले. खरं सांगते, तक्रारच केली. म्हटलं, तीन पिढ्यांचं दुकान, अख्खं गाव ज्याला मानायचं, ते बाबांच्या मागे माझ्या बहिणीने बंद केलं. यंत्र विकलं, रंग वाटून टाकले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी धरली.

"कुलूप तिने स्वतः लावलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गुड गर्ल," म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना माझं इंग्लिश कळलं नाही. मी परत सांगितलं, सावकाश. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच कळलं, शोभना. मला ऐकू येतं."

मला राग आला. कप घेऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी दूध ठेवलं आणि थांबले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वरून हाक मारली आणि न विचारता सांगायला लागल्या. अठराव्या वर्षी त्यांना इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला, नर्सिंगसाठी जागा मिळाली होती. बॅग भरलेली होती. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, भाऊ पाद्री होणार म्हणून आधीच ठरलेला, तेव्हा आई म्हणाली, नूला, एवढा हिवाळा तू काउंटर सांभाळ. "तो हिवाळा साठ वर्षं चालला," म्हणाल्या. हसत म्हणाल्या, त्यामुळे मला कुठे बघावं कळेना.

रोज सकाळी शिडीवर चढून ती पाटी पुसायची हे त्यांचं काम होतं. गाव म्हणायचं, नूलाचं बघा किती प्रेम आहे पाटीवर.

हे तुला का लिहितेय माहीत नाही. तुझी आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. बाबांनी तुझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

ताई


८ नोव्हेंबर २०२०

वृंदा,

पुन्हा सगळं बंद. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. दुकान बंद, पण मास्क शिवून दारातून देते, आणि नूलाबाईंसाठी रोज जातेच.

बाळू म्हणाला, तू आता लॅबमधून सरकारी दवाखान्यात गेलीस आणि तिथे घशाचे नमुने घेतेस. हे खरं आहे का? तुझा दमा लक्षात आहे ना? लहानपणी आपल्याकडे सगळे म्हणायचे, वृंदाला धूळ सोसत नाही. धूळ कसली, रंगाचा आणि लाखेचा वास होता तो. हे मला इथे बसून आठवतंय.

नूलाबाई खालावल्यात. पाय सुजतात, जिन्यावर बसवत नाही. मी मास्क लावून खोलीच्या दारात खुर्ची टाकते. गेल्या आठवड्यात त्यांनी मला एक काम सांगितलं. म्हणाल्या, "ती पाटी खाली काढ. मी असताना. मला एकदा रस्त्याच्या पलीकडच्या फूटपाथवर उभं राहून, पाटी नसलेलं माझं घर बघायचंय."

मी म्हटलं, कमिटी काढू देणार नाही.

"कमिटीला माझ्या वतीने विचार. घर माझं आहे. मी फोन केला की डेक्लन विषय बदलतो, तब्येत विचारतो. तू समोर जा. त्याला म्हणावं, ही वेडी झालेली नाही."

"मग वर काय लावायचं?"

"तुझं नाव लाव. नाहीतर काही लावू नको. भिंतीला जरा वारा लागू दे."

घरी येऊन श्रीरामला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "शोभना, आपण इथे कालचे आलेले. आपण त्यांची शंभर वर्षांची पाटी उतरवली, तर पुढची शंभर वर्षं लोक हेच सांगतील. त्यांच्या भांडणात तू पडू नकोस." त्याचं चुकीचं नाही. आणि मलाही ती पाटी आवडते, वृंदा. सकाळी त्या सोनेरी अक्षरांवर ऊन पडतं तेव्हा मला आपण कुठल्या तरी गावाचे आहोत असं वाटतं.

तरी मी डेक्लनशी बोलले. तो म्हणाला, बघू, मीटिंगमध्ये विषय काढतो. नूलाबाईंना तसं सांगितलं. बरं वाटलं त्यांना.

दिवाळी आठवड्यावर आली. तू यंदा घरी दिवा लावशील ना?

ताई


३१ जानेवारी २०२१

वृंदा,

नूलाबाई गेल्या. नवीन वर्ष लागल्यावर ताप आला, ॲम्ब्युलन्सने कासलबारच्या हॉस्पिटलात नेलं. भेटायला परवानगी नव्हती. एका नर्सने तिच्या फोनवरून आमची व्हिडिओवर गाठ घालून दिली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, शब्द नीट कळत नव्हते. मला एवढंच कळलं, त्यांनी विचारलं, "डेक्लन काय म्हणाला?"

मी म्हटलं, "हो म्हणालाय. हवा सुधारली की काढू."

त्यांनी अंगठा वर केला.

मागच्या पत्रात तुला लिहिलं होतं की मी डेक्लनशी बोलले. ते खोटं होतं. मी बोललेच नव्हते. दोनदा त्याच्या दुकानात गेले, एकदा खोकल्याचं औषध घेऊन आले, एकदा नुसतीच हवापाण्याची चौकशी करून. तो काउंटरमागून म्हणाला, "तुम्ही आलात आणि ते दुकान परत जिवंत झालं. पाटी काय चमकते हल्ली." आणि मला पुढे बोलता आलं नाही. त्या शाबासकीची मला किती भूक होती ते तेव्हा कळलं. घरी येऊन नूलाबाईंना खोटं सांगितलं आणि तेच तुलाही लिहिलं. तुला कशाला खोटं लिहायचं? तू तर माझ्याशी बोलतही नाहीस. पण लिहिलं.

चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती, त्यामुळे बाकीचं गाव मेन स्ट्रीटवर दुतर्फा अंतर ठेवून उभं राहिलं. पाऊस बारीक पडत होता. मी पलीकडच्या फूटपाथवर होते. इथे रीत अशी की शवपेटीची गाडी माणसाच्या घरापाशी, कामाच्या जागेपाशी थोडी थांबते. गाडी दुकानासमोर थांबली. बरोबर पाटीखाली. कोणीतरी आदल्या दिवशी पाटी धुऊन तिच्यावर हिरवी माळ लावली होती. सगळ्यांनी मान खाली घातली. शेजारची बाई मला हळूच म्हणाली, "किती सुंदर. तिला फार आवडलं असतं."

मी काय म्हणाले माहीत आहे? म्हटलं, "हो."

गाडी निघून गेली. लोक पांगले. मी तिथेच उभी राहिले. ज्या जागी त्यांना उभं राहायचं होतं तिथेच मी उभी होते आणि समोर हॅनलींची पाटी होती.

त्या रात्रीपासून मला तुझा तो फोन आठवतोय. दोन वर्षांपूर्वीचा, आपला शेवटचा. मी म्हटलं होतं, "बाबांचं नाव पुसलंस तू." तू म्हणालीस, "ताई, तू एक वर्ष ये आणि रंगव." मी ते उद्धटपणा म्हणून धरून बसले. तू खरंच विचारत होतीस का गं?

ताई


९ मे २०२१

वृंदा,

बाळूच्या फोनवरून तुझा मेसेज आला. "जिवंत आहे. ड्युटी आहे. पत्रं सगळी मिळाली." मी तो ईशाला दाखवला. ती म्हणाली, "शी साउंड्स नॅकर्ड, आई." नॅकर्ड म्हणजे इथल्या भाषेत पार थकलेली.

तिकडच्या बातम्या आम्ही रात्रंदिवस बघतो. चितळे काकूंचा मुलगा गेला ते कळलं. तू आठ तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात, मे महिन्यातल्या उकाड्यात, लोकांच्या तोंडाशी वाकून उभी असतेस, आणि मी दुकानात बसून पडद्यांना अस्तर लावते.

तू त्रेचाळिसाव्या वर्षी कोर्सला नाव घातलंस, तेव्हा अठरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या वर्गात बसणार म्हणून मी आणि श्रीराम हसलो होतो. तुला बाळूने सांगितलं असेलच. बारावीला सायन्सला तू तालुक्यात वर होतीस, हेही मला माहीत होतं. बाबा म्हणाले होते, "गे, तू गेलंस तर रंगवतलां कोण?" मी तेव्हा पुण्याला होते, सुट्टीवर आले होते. मी ओटीवर बसून ऐकलं. मला ते वाक्य फार गोड वाटलं होतं. कौतुकच वाटलं होतं ते मला.

काळजी घे असं लिहिण्याचा मला हक्क नाही, तरी लिहिते. काळजी घे.

ताई


२९ ऑगस्ट २०२१

वृंदा,

आज मोठं पत्र होईल. हातातलं काम बाजूला ठेवून बसले आहे.

नूलाबाईंचं घर आता त्यांच्या पुतण्याकडे गेलं. भावाचा नाही, चुलत भावाचा मुलगा, गॉलवेला असतो. चांगला आहे, दुकान मला तसंच ठेवू दिलं. कमिटीने उन्हाळ्यात पाटी उतरवून नेली आणि खऱ्या सोन्याच्या वर्खात रंगवून घेतली. ती नेली तेव्हा पंधरा दिवस भिंत मोकळी होती. मी रोज पलीकडच्या फूटपाथवर जाऊन बघत होते. भिंतीवर पाटीच्या आकाराचा फिकट पट्टा होता, बाकी नुसती भिंत. साधं दुमजली घर. वरच्या खिडकीत त्यांची कुंडी तशीच. कोणीही राहावं, कोणीही निघून जावं, असं घर. ते मी पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

गेल्या शनिवारी पाटी परत लावली. हेरिटेज वीक होता. शंभरेक माणसं, रस्ता बंद करून खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, एक जण अकॉर्डियन वाजवत होता. दाराशेजारी दगडी फलक बसवला. त्यावर लिहिलंय की नूला हॅनली यांनी साठ वर्षं प्रेमाने या दुकानाची सेवा केली. डेक्लन आदल्या आठवड्यात मला म्हणाला होता, "तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही तिच्या शेवटच्या मैत्रीण."

श्रीराम कपडे करताना म्हणाला, "काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, माहीत नाही. तो बटणं लावता लावता म्हणाला, "त्या वेळी मी तुला थांबवलं. आज नाही थांबवणार." तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

माईकसमोर उभी राहिले. मी सांगितलं. नूला मला म्हणाली होती, ही पाटी खाली काढ. तिला नर्स व्हायचं होतं. तिची बॅग भरलेली होती. ती म्हणाली, भिंतीला वारा लागू दे. डेक्लनला विचार म्हणाली, आणि मी विचारलं नाही, मी भ्याले.

वृंदा, लोक हसले.

वाईट हेतूने नाही. मायेने हसले. मागून एक जण ओरडला, "ही खरी आमची नूला." डेक्लनने डोळे पुसले, हसता हसता. टाळ्या वाजल्या. माझं बोलणं त्यांनी तिच्या खोडकरपणाची आणखी एक गंमत म्हणून घेतलं. मला वाटलं, माझं इंग्लिश कमी पडलं. पण ते सगळं त्यांना कळलं होतं. शब्दन् शब्द कळला होता. त्यांना त्यांच्या पाटीसाठी एक प्रेमळ म्हातारी हवी होती, आणि मी जे काही सांगितलं ते त्यांनी त्या म्हातारीच्याच अंगात बसवून घेतलं. शिवणारी बाई आहे मी, मला कळतं ते.

अकॉर्डियन परत सुरू झालं. मी खाली उतरले. ब्रीडा म्हणून एक बाई आहेत, नूलाबाईंच्या वर्गातल्या, चाकांच्या खुर्चीत असतात. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी माझा हात धरला, सोडेचनात. म्हणाल्या, "मलाही ती म्हणाली होती. तीस वर्षांपूर्वी. मी म्हटलं, नूला, भलतंच काय, तुझ्या पाटीशिवाय मेन स्ट्रीट कशी दिसेल." मग म्हणाल्या, "मी स्वतः नर्स होते, ठाऊक आहे का? मँचेस्टरला. आम्ही दोघी बरोबर जाणार होतो."

पाटी आता वर आहे. पूर्वीपेक्षा जास्त चमकते. खाली मी मशीनवर बसते. फलकावरचा 'प्रेमाने' हा शब्द तरी काढा असं मी डेक्लनला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. या खेपेला औषध न घेता आले. तो म्हणाला, दगडात कोरलेलं आहे, शोभना. मग म्हणाला, "तिने खरंच गंभीरपणे म्हटलं होतं?" मी म्हटलं, हो. तो काउंटर पुसत राहिला. त्याच्याबद्दल मला राग नाही. तो गावावर प्रेम करतो. मीही सावंतवाडीवर करत होते, इथे बसून, तुझ्या हातांनी.

मी डिसेंबरात येते आहे. विमानं सुरू झाली आहेत, तिकीट काढलं. घरी उतरणार नाही, बाळूकडे उतरेन. दुकानाच्या जागी आता काय आहे ते मला दाखवू नकोस आणि मी विचारणारही नाही. पाटीचंही काही कळवू नकोस.

काल मी आठवून पाहिलं, मला तुझ्याबद्दल काय काय माहीत आहे. पिकल्या आंब्याचा रंग तू कसा मिसळायचीस ते माहीत आहे. कैरीच्या देठाशी कुंचला कसा फिरवायचीस तेही. पण दवाखान्यात तू कुठल्या खोलीत बसतेस, तिथे खिडकी आहे का, डबा कोणाबरोबर खातेस, सुईला घाबरणाऱ्या माणसाशी काय बोलतेस, सुट्टीच्या दिवशी काय करतेस, यातलं मला काहीच ठाऊक नाही. सत्तेचाळीस वर्षांची बहीण आहे माझी, आणि मी कधी विचारलंच नाही.

आता विचारते. दिवसभर तू काय करतेस, वृंदा? लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर मी डिसेंबरात दवाखान्याबाहेर उभी राहीन, तुझी ड्युटी संपेपर्यंत.

ताई